हाक: ज्या त्या प्रकल्पाच्या कमांडला तिथलंच नाव (प्रकल्प नोंदी)

४ नोव्हेंबर २०२४, सातपूर

दिवाळी आटोपून आज ऑफिस उघडलं. द्राक्षाचा हंगाम डोक्यावर यायच्या आत हे बाजूचं काम मार्गी लावायचं आहे.

आमच्याकडे तीन प्रकल्प एका वेळी चालतात: द्राक्ष पॅकहाउसचं सॉफ्टवेअर, लासलगावच्या एका आडतीची हिशोबपट्टी आणि एका पतसंस्थेचं जुनं पीएचपी. कामं तिन्हीकडे तीच. सर्व्हर चालू करा, चाचण्या चालवा, डेटाबेस नव्याने भरा, पट्टी छापून बघा. कमांड मात्र तीन तऱ्हेच्या: एकीकडे डॉकर कंपोज, दुसरीकडे आर्टिसन, तिसरीकडे नुसतं गो. प्रत्येकाने आपल्या बॅशआरसीत (बॅश शेलच्या सेटिंग फाइलीत) एलियस, म्हणजे लांब कमांडची छोटी नावं, करून ठेवलेत, ते त्याच्याच लॅपटॉपवर. नवा मुलगा आला की त्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतात, तेही अर्धे.

एलियस ही जुनी गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बिल जॉयने बर्कलेत सी शेल (शेल म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) लिहिला, त्यात ती होती. बॅशनेही ती घेतली, पण बॅशचं मॅन्युअलच सांगतं की जवळपास प्रत्येक कामाला एलियसपेक्षा फंक्शन बरं. शिवाय स्क्रिप्टमधून चालणारा बॅश एलियस उलगडतच नाही, वेगळी सेटिंग केल्याशिवाय. आमची खरी अडचण तिसरीच: एलियस सगळीकडे लागू होतो. डेटाबेस नव्याने भरणारा ‘डीबी-नवा’ कुठल्याही फोल्डरात चालतो, आणि पतसंस्थेच्या फोल्डरात तो चालायलाच नको.

आधी तयार काय आहे ते बघितलं. मेक १९७६ पासून आहे, बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने केलेलं. फाइल बनवण्यासाठी ते उत्तम. पण ‘टेस्ट’ नावाचा फोल्डर असला की ‘मेक टेस्ट’ म्हणतं, सगळं ताजंच आहे, करायचं काही नाही. मग ‘हे फाइलीचं नाव नाही’ असं सांगणारी फोनीची ओळ लिहा. पुढे जादा शब्द दिला तर तो दुसरं टार्गेट समजतं. डायरएन्व्ह फोल्डरात शिरताच सेटिंग लावतं, पण एलियस देऊ शकत नाही. ते आपली एनव्हीआरसी फाइल वेगळ्या बॅशमध्ये चालवतं आणि तिथून फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स घेऊन येतं. जावास्क्रिप्टवाल्यांचं एनपीएम रन चांगलं, पण पॅकेज फाइल हवी. कमांडना नावं देणारं ‘जस्ट’ हे हत्यार सगळ्यात जवळचं. आम्ही चौघेच रोमन टाइप करणारे असतो तर तेच घेतलं असतं आणि ही नोंदवही उघडलीच नसती. पण जस्टमध्ये नावं रोमनच लागतात, आणि पॅकहाउसच्या मशीनवर ‘बॅकअप’ किंवा ‘पट्टी’ टाइप करणारी पोरं कीबोर्ड मराठीवर ठेवूनच बसतात.

म्हणून छोटं हत्यार स्वतः करायचं. नाव ‘हाक’. काम एकच: प्रकल्पातल्या कमांडला नाव द्यायचं. कमांडने काय करायचं त्यात पडायचं नाही. (नोंदीत कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय. एलियसची नावं मात्र खरोखरच देवनागरीत असतील.)

७ नोव्हेंबर

भाषा गो. एकच बायनरी, मशीनवर वेगळं काही बसवावं लागत नाही, सुरू व्हायला वेळ नाही. ‘हाक चाचणी’ म्हटल्यावर डोळ्याला कळेल इतका थांबा आला तर लोक दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीवर जातील.

फाइल शोधणं गिटसारखं (गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं हत्यार): आहोत त्या फोल्डरात बघा, नसेल तर वरच्या, मग त्याच्या वरच्या. मेक असं वर चढत नाही, आणि आमची माणसं नेहमी चार फोल्डर आत बसलेली असतात.

कमांड कुठे चालावी? फाइल जिथे सापडली तिथे, म्हणजे प्रकल्पाच्या मुळाशी. गिटमध्येही उद्गारचिन्हाने सुरू होणारा एलियस रेपोच्या (गिट सांभाळतं त्या प्रकल्प-फोल्डरच्या) मुळाशी चालतो आणि माणूस मुळात कुठे होता ते ‘गिट_प्रीफिक्स’मध्ये मिळतं. तीच रीत उचलली. आमचं व्हेरिएबल ‘हाक_जागा’.

वाटेत दोन फाइली लागल्या तर? दोन्ही एकत्र करण्याचा मोह होतो. नको. सगळ्यात जवळची एकच फाइल मानायची. काय चालणार आहे हे एका फाइलीत, एका नजरेत दिसलं पाहिजे.

११ नोव्हेंबर

फाइलीचा साचा. टॉमल हा सेटिंग लिहायचा साचा घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. टॉम प्रेस्टन-वर्नरने २०१३ मध्ये काढलेलं, वाचायला सोपं. पण टॉमल १.० मध्ये अवतरणाशिवायचं नाव फक्त रोमन अक्षरं, अंक, अधोरेषा आणि डॅश यांचंच असू शकतं. ‘चाचणी’ लिहायची तर दरवेळी अवतरणात. ज्यांच्यासाठी देवनागरी घेतली त्यांनाच जादा चिन्हं टाइप करायला लावायची, हे पटलं नाही.

मग सरळ ओळी: नाव, कोलन, कमांड. वरच्या ओळीवर # टाकून लिहिलेलं वाक्य हेच वर्णन. एका एलियसला एकच ओळ. लांब झाली तर स्क्रिप्ट लिहा आणि तिला इथून नाव द्या.

# कालच्या गाड्यांची पट्टी
पट्टी: ./बिन/पट्टी --छापा "$@"

लगेच एक गंमत सापडली. मराठीत पुष्कळ जण कोलनच्या जागी विसर्ग टाइप करतात, दिसायला जवळपास तेच. ‘पट्टीः’ असं लिहिलं की फाइल वाचणाऱ्या पार्सरला कोलनच सापडत नाही. विसर्ग आपोआप कोलन मानता आला असता, पण नावात खरा विसर्ग असू शकतो. म्हणून चूक दाखवताना स्पष्ट सांगायचं: ‘ओळ ७: इथे विसर्ग आहे, कोलन हवं.’ अशा एका वाक्याने फोन वाचतात.

१४ नोव्हेंबर

आर्ग्युमेंट्स. शेलचा एलियस म्हणजे नुसती शब्दांची अदलाबदल. मागे लिहिलेलं आपोआप शेवटी चिकटतं, मधे कुठे घालता येत नाही. आपण ओळ शेलला ‘-सी’ लावून देतो आणि मागचे शब्द वेगळे देतो. इथे एक जुना सापळा आहे: ‘-सी’च्या मजकुरानंतरचा पहिला शब्द शेल शून्य क्रमांकाला ठेवतो, ‘$@’, म्हणजे मागचे सगळे शब्द, त्याच्या पुढून मोजतो. म्हणून त्या जागी ‘हाक’ हा शब्द स्वतः भरायचा. नाहीतर वापरणाऱ्याचा पहिला शब्द गुपचूप गायब होतो आणि कमांड चूक न दाखवता चालते.

चाचणीसाठी फाइल घेतली ‘थॉमसन सीडलेस.सीएसव्ही’. आमच्याकडच्या निम्म्या फाइलींच्या नावात द्राक्षाची जात असते आणि जातीच्या नावात मोकळी जागा. अवतरणातला ‘$@’ ती एकसंध ठेवतो. अवतरण काढलं की दोन फाइली होतात, थॉमसन एक आणि सीडलेस दुसरी.

‘$@’ लिहिलाच नसेल तर मागचे शब्द शेवटी जोडावेत का? सोयीचं वाटतं. पण ओळीत पाइप (एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारं चिन्ह) असेल तर ते शेवटच्या कमांडला जाऊन मिळतात, ज्याची कोणी अपेक्षा केलेली नसते. पाइप ओळखायचा तर शेलचं व्याकरण आपल्याला वाचावं लागेल. निर्णय: ‘$@’ किंवा ‘$१’ लिहिलं नसेल आणि कोणी जादा शब्द दिला, तर चूक दाखवून थांबायचं.

१९ नोव्हेंबर

कमांड मूल म्हणून चालवायची की आपण बाजूला होऊन तिला आपली जागा द्यायची? आधी मूल करून बघितलं. कंट्रोल-सी दाबल्यावर इंटरप्ट समोरच्या सगळ्या गटाला जातो. हाक लगेच मरतो, सर्व्हर आवराआवर करत असतो. परिणाम असा की प्रॉम्प्ट परत आलेला आणि त्याच्यावर सर्व्हरचे निरोपाचे लॉग छापले जाताहेत. सिग्नल पकडून पुढे पाठवता येतात, पण मग थांबवून ठेवणं, पुढे आणणं, खिडकीचा आकार बदलणं, सगळ्याची काळजी आपल्याकडे.

गोमध्ये सिसकॉलचं एक्झेक आहे. प्रोसेस तीच, आत कार्यक्रम नवा. हाक उरतच नाही. एक्झिट कोड जसाच्या तसा, सिग्नल थेट. न सापडलेल्या नावाला शेलच्या रिवाजाप्रमाणे १२७.

याची किंमतही आहे. ‘काम संपल्यावर किती वेळ लागला ते दाखव’ ही सहकाऱ्याची मागणी आता पुरी होणार नाही, कारण संपल्यावर दाखवायला आपण जागेवर नसतो. त्यासाठी ‘टाइम’ आहेच.

दुसरी मागणी: ‘हाक मूळ’ म्हटलं की प्रकल्पाच्या मुळाशी नेऊन ठेव. तेही होत नाही. मूल प्रोसेस आईचं फोल्डर बदलू शकत नाही. ‘हाक --मूळ’ पत्ता छापतं, तो सीडीला द्या. आमचे सगळे पर्याय दोन डॅशनी सुरू होतात, म्हणून लोकांच्या नावांशी भांडण नाही.

२७ नोव्हेंबर

काही दिवसांपूर्वी पिंपळगावहून येणाऱ्या सहकारिणीने जेवताना विचारलं, “दादा, मी कुणाचा तरी रेपो उतरवला आणि सवयीने ‘हाक चाचणी’ म्हटलं, तर त्याने चाचणीच्या नावाखाली माझं होम फोल्डर उडवलं तर?” प्रश्न बिनतोड. तेव्हापासून हेच चालू आहे.

वर चढत फाइल शोधण्यात धोका असतो हे गिटनेही अनुभवलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ ही आवृत्ती त्याचसाठी आली. सामायिक मशीनवर दुसऱ्या कोणी वरच्या फोल्डरात गिटचं फोल्डर करून ठेवलं, तर त्यातल्या सेटिंगवरून तुमच्या नावाने कमांड चालू शकत होती. तेव्हापासून गिट फोल्डरचा मालक तपासतं. आडतीच्या सर्व्हरवर आम्हीही तिघे जण एकच मशीन वापरतो. म्हणून पहिला नियम: फाइलीचा मालक तुम्ही नसाल तर हाक ती वाचूनही बघत नाही.

दुसरा नियम मंजुरीचा, डायरएन्व्हच्या धर्तीवर. आधी फाइलीचा पत्ता आणि सगळा मजकूर यांचा एसएचए-२५६ हॅश (मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ठसा) काढून घरच्या फोल्डरात ठेवला. मजकूर बदलला की मंजुरी गेली. हे दोन दिवस वापरलं आणि बोंब झाली. कुणी वर्णनातला काना सुधारला तरी सगळ्यांना पुन्हा मंजुरी. असं झालं की माणूस न वाचताच ‘हो’ म्हणायला शिकतो, आणि मग मंजुरी असून नसल्यासारखी.

म्हणून आजपासून हॅश प्रत्येक एलियसचा वेगळा: फाइलीचा पत्ता, नाव, कमांड. बदललेल्या ओळीपुरतंच विचारायचं, आणि विचारताना जुनी ओळ वर, नवी खाली. ‘चाचणी’ काल काय होती आणि आज काय आहे हे डोळ्यांसमोर येतं. मंजुरी नसताना कोड १२६: नाव सापडलं, पण चालवता येत नाही.

हे कुठवर पुरतं तेही लिहून ठेवतो. एलियस ‘./बिन/बॅकअप’ला बोलावत असेल आणि कोणी त्या स्क्रिप्टचं पोट बदललं, तर हाकला काही कळत नाही. तिथवर जायचं तर सगळ्या रेपोचा हॅश घ्यावा लागेल. आपली मंजुरी नावाची आहे, रेपोतल्या प्रत्येक ओळीची नव्हे. रीडमीत हे पहिल्याच परिच्छेदात टाकलं.

५ डिसेंबर

निफाडचा पारा पेपरात यायला लागला. इथे सकाळी बोटं कीबोर्डवर टेकत नाहीत.

आजचा दिवस एका अक्षराने खाल्ला. फाइलीत एलियस होता ‘कोऱ्या-पट्ट्या’. सहकाऱ्याने तेच टाइप केलं, हाक म्हणालं, असं नाव नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक दिसत नाही.

बाइट्स बघितल्यावर उलगडा झाला. मराठीतला अर्धा ऱ, डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा, तीन तऱ्हांनी लिहिता येतो. ऱ हे स्वतंत्र अक्षर, यू+०९३१, आणि हलन्त: सहा बाइट्स. साधा र, खाली नुक्ता (टिंब) आणि हलन्त: नऊ बाइट्स. किंवा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे, तो न दिसणारा जोडक: तेही नऊ. पडद्यावर तिन्ही एक. ज्याचा जसा कीबोर्ड, तसं त्याचं लिखाण, आणि दोघेही बरोबर.

युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणण्याच्या रीतीने) पहिले दोन एक होतात. गोच्या नॉर्म पॅकेजला नाव दिलं की र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसऱ्याला एनएफसी हात लावत नाही. झटपट उपाय म्हणजे नावातले सगळे झेडडब्ल्यूजे गाळायचे. तो घेतला नाही, कारण तो गाळला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यांना’ पाठवलेलं ‘आचार्यांना’ पोहोचतं. म्हणून नेमका नियम लिहिला: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे हे तिघे लागोपाठ आले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त. बाकी कुठे हात लावायचा नाही. हे फक्त नावांना. कमांडच्या मजकुराला अजिबात नाही, फाइलींची नावं डिस्कवर जशी आहेत तशीच मिळाली पाहिजेत.

चाचण्यांमध्ये तिन्ही रूपं बाइट्सने लिहून ठेवली. अक्षराने लिहिली असती तर एखाद्या एडिटरने सेव्ह करताना ती एकसारखी केली असती आणि चाचणी उगाच हिरवी झाली असती.

यादी छापण्यातही अशीच कटकट. नावं डावीकडे, कमांड उजवीकडे, मधे सरळ रेघ राहावी म्हणून गो रिकाम्या जागा भरतं, पण ते कोडपॉइंट मोजतं. उकार आणि मात्रा वेगळी जागा घेत नाहीत, काना घेतो, आणि जोडाक्षराला किती जागा द्यायची यावर प्रत्येक टर्मिनलचं आपलं मत. उभी रेघ सरळ राहतच नाही. रुंदी मोजण्याच्या लायब्ररीच्या मागे न लागता साचाच बदलला: नाव एका ओळीवर, वर्णन आणि कमांड खाली थोडं आत. दिसतंही बरं.

१२ डिसेंबर

टॅबने नाव पुरं करणं बॅशमध्ये झालं. मॅकवरचा बॅश अजून ३.२च आहे, त्यामुळे नव्या सोयी न वापरता लिहिलं. नाव पुरं करताना फाइल फक्त वाचली जाते, मंजूर नसली तरी काही चालत नाही.

चुकीचं नाव टाइप केलं तर जवळचं सुचवतो, लेव्हनश्टाइनचं अंतर (किती अक्षरं बदलली की एक नाव दुसरं होतं ते) काढून. सुचवतो फक्त. गिटला सांगून ठेवलं तर ते थोडं थांबून जवळची कमांड स्वतःच चालवतं. आमच्या फाइलीत ‘पट्टी’शेजारी ‘पट्टी-रद्द’ आहे. तसलं काही नको.

१८ डिसेंबर, सटाणा

बागलाणची द्राक्षं लवकर येतात, म्हणून पहिलं पॅकहाउस इथलं. मशीनवर हाक बसवलं, यादी छापून भिंतीला लावली. इथल्या ऑपरेटरने सगळ्यात आधी विचारलं, “साहेब, बॅकअप परत भरायचं नाव चुकून दाबलं गेलं तर?”

त्यावर बराच विचार केला. ‘चालवण्याआधी विचार’ हे हाकचं काम नाही, स्क्रिप्टचं आहे, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण नावच चुकलं असेल तर चूक आमच्याच दारात झालेली असते. म्हणून ही एक सोय आत घेतली: नावाआधी उद्गारचिन्ह असेल तर हाक ती ओळ दाखवून नाव पुन्हा टाइप करायला लावतं. नुसतं ‘हो’ चालत नाही. टर्मिनल नसेल तर चालवायला नकार.

रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीतून) जातो. क्रॉन होम फोल्डरात उभं असतं आणि त्याचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) अगदी तोकडा, त्यामुळे ‘हाक’ कुठे आहे तेही त्याला ठाऊक नसतं. गिट आणि मेकसारखा फोल्डर सांगायचा पर्याय दिला, क्रॉनच्या ओळीत बायनरीचा पूर्ण पत्ता लिहिला. मंजुरी माणशी असते, म्हणून ज्या युजरचं क्रॉन त्यानेच एकदा बसून मंजूर करायचं.

२३ डिसेंबर

मागण्या येताहेत. नाकारल्याची यादी ठेवतो, म्हणजे पुन्हा तोच वाद नको. एका एलियसने दुसऱ्याला आधी चालवणं: शेलचं ‘&&’ आहे, आणि हवं तर ओळीत ‘हाक’ पुन्हा लिहा. व्हेरिएबल्स: एन्व्हायर्नमेंट. मॅक आणि लिनक्सला वेगळी ओळ: स्क्रिप्टमध्ये लिहा. दुसरी फाइल आत ओढणं: मंजुरीचा सगळा हिशोब बिघडतो. यातली एकेक मागणी रास्त आहे. सगळ्या मान्य केल्या तर वर्षभरात आमचं अर्धवट मेक तयार होईल, फक्त त्याच्या ओळीआधीच्या टॅबशिवाय.

एक मागणी मान्य: ‘हाक --दाखव पट्टी’. चालवत नाही, ओळ आणि जागा छापतं.

६ जानेवारी २०२५, दिंडोरी

दुसरं पॅकहाउस. निर्यातीचे प्लॉट अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेटवर नोंदलेले असतात. त्या नोंदणीचा क्रमांक आमच्या पॅकिंगच्या यादीशी जुळवून बघायचं काम ‘जुळवणी’ या नावाखाली ठेवलं. ऑपरेटरला आतली लांबलचक ओळ ठाऊक नाही, असायची गरजही नाही. त्याने मला फोनवर विचारलं ते एवढंच, की जुळवणीला तारीख आधी द्यायची की प्लॉट. ‘$१’ आणि ‘$२’ कशासाठी हे वर्णनाच्या ओळीत लिहायचा नियम आता सगळ्या प्रकल्पांना लावला.

आडतीच्या रेपोत मात्र वेगळाच वापर दिसला. नव्या मुलाने पहिल्या दिवशी रीडमी उघडलं नाही, ‘हाक’ एवढंच टाइप केलं आणि यादी वाचत बसला. हमाली-तोलाईचा हिशोब कुठल्या स्क्रिप्टमध्ये आहे हे त्याला तिथून कळलं. आता जुनी, कोणी न वापरणारी नावं काढायला हवीत. पतसंस्थेच्या फाइलीत अशी बरीच आहेत.

९ जानेवारी

हाकची ०.४ आवृत्ती टॅग केली. झेडशेलमध्ये टॅबने नाव पुरं होतं, पण वर्णन सोबत दिसत नाही, ते बाकी. मंजुरीच्या फाइलीत बंद झालेल्या प्रकल्पांचे हॅश साचत जातात, त्यांना ‘हाक --झाडून’ करायचं. ओझरच्या पॅकहाउसची मशीन सोमवारी येते. त्यांच्याकडे दोन पाळ्यांचे दोन युजर आहेत, तेव्हा फाइलीचा मालक कोण ठेवायचा ते आधी त्यांच्या सुपरवायझरशी बोलून ठरवायचं.